सेंट अँड्र्यूजचें गायरान

कोल्हापुराहून समुद्र तसा फार दूर नाहीं. गगनबावड्यावरून घाट उतरला, कीं वैभववाडी लागते. फोंड्याचा घाट उतरला, कीं कणकवली. आणि आंब्याच्या घाटानें गेल्यास थेट रत्नागिरी गांठतां येते. घाटमाथ्यावरील माल पाठीवर घेऊन बैलांचे तांडे ज्या वाटांनीं पूर्वी राजापूर-खारेपाटणकडे उतरत असत, त्याच दिशांनीं आज सुटीच्या दिवसांत मोटारींच्या रांगा उतरतात. कोणी देवगडास जातो, कोणी मालवणास, कोणी वेंगुर्ल्यास. पोहणाऱ्यास समुद्र आहे, खवय्यास मासळी आहे, भाविकास कुणकेश्वर आहे. परंतु ह्यांपैकीं एखाद्या मोटारींत गोल्फच्या दांड्यांची पिशवी असली, तर तिच्या धन्यास किनाऱ्यावर पोहोंचतांच एक प्रश्न पडल्यावांचून राहणार नाहीं: खेळावयाचें कोठें?

हा प्रश्न प्रथमदर्शनीं श्रीमंतांच्या रिकामपणाचा वाटेल. गोल्फ म्हणजे साहेबांचा, लष्करांतील अधिकाऱ्यांचा, फार तर उद्योगपतींचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती अगदींच निराधार आहे असेंही नाहीं. हा खेळ आपल्या देशांत आला तोच मुळीं क्लबाच्या फाटकांतून. १८२९ सालीं कलकत्त्यास गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब तोच होय. पुढें १८४२ सालीं मुंबईसही तसा क्लब स्थापन झाला. दोन्हीकडे खेळणारे गोरे, आणि त्यांतही स्कॉटलंडकडील पुष्कळ. हिंदी माणसाचा ह्या खेळाशीं संबंध आला तो पाठीवर पिशवी वाहण्यापुरता, किंवा हरवलेला चेंडू शोधून आणण्यापुरता. अशा खेळाचा सामान्य नागरिकाशीं आणि त्याच्या हक्काशीं कांहीं संबंध असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

परंतु ज्या गांवीं हा खेळ वाढला तेथील इतिहास पाहिला, तर निराळेंच चित्र दिसूं लागतें. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यांत, सेंट अँड्र्यूज नांवाचें एक लहानसें जुनें विद्यापीठाचें शहर आहे. जगांतील सर्वांत प्रसिद्ध असें गोल्फचें मैदान ह्या शहरीं आहे. तथापि तें कोणा सरदाराच्या वा क्लबाच्या मालकीचें नाहीं. तें गांवाचें आहे. आपल्या भाषेंत त्यास एकच नेमका शब्द आहे, तो म्हणजे गायरान. हें गायरान गांवानें एकदां गमावलें, एका धनिकानें तें राखलें, आणि अखेर कायद्यानें तें गांवास परत मिळालें. ही कथा कोल्हापुरांत बसून ऐकण्यासारखी आहे.

प्रथम ह्या जमिनीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणीं समुद्र आणि शेतजमीन ह्यांच्यामध्यें वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा आढळतो. समुद्रानें टाकलेली व वाऱ्यानें उडवून आणलेली वाळू तेथें शतकानुशतकें सांचत गेली, आणि तिच्यावर आंखूड, चिवट असें गवत धरलें. ह्या पट्ट्यास तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. माती पातळ, म्हणून नांगर चालत नाहीं. पाणी तत्काळ जिरतें, म्हणून चिखल होत नाहीं. मेंढ्या आणि ससे गवत कुरतडीत असल्यामुळें तें कधीं उंच वाढत नाहीं. वाऱ्याच्या कडाक्यापासून बचाव करण्यासाठीं मेंढ्या जेथें दडून बसत, तेथें झालेल्या खोलगटांचेच पुढें खेळांतील वाळूचे खड्डे बनले, असें सांगतात. सारांश, शेतकऱ्यास जी जमीन निरुपयोगी, तीच चेंडू टोलवीत चालणाऱ्यास सोयीची. अशा जमिनीवर गुरें चारावीं, कपडे वाळत घालावेत, जाळीं पसरावींत, आणि सवड मिळेल तेव्हां दांड्यानें चेंडू मारीत खळगीपर्यंत न्यावा, हा गांवकऱ्यांचा क्रम होता.

आपल्या कोकणांत असें मैदान कां झालें नाहीं, ह्याचेंही उत्तर येथेंच मिळतें. कोकणांतील पुळण अरुंद. तिच्या पाठीशीं लगेच नारळी-पोफळीच्या बागा आणि घरें. आणि त्यांच्या मागें जांभ्या दगडाचा उघडा सडा. समुद्र आणि वस्ती ह्यांच्यामध्यें रिकामा, गवताळ, वाळूचा पट्टा राहिलाच नाहीं. शिवाय पाऊस. सेंट अँड्र्यूजच्या बाजूस वर्षाकाठीं सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो व तो बारा महिन्यांत वांटलेला असतो. दक्षिण कोकणांत त्याच्या चौपटीहूनही अधिक पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने सडा करपून जातो. निसर्गानें जी कुरणें तिकडे फुकट दिलीं, तीं आपल्याकडे पाणी घालून आणि माणसें लावून घडवावीं लागतात. आणि जें घडवावें लागतें त्यास धनी लागतो. आपल्याकडे गोल्फ आणि क्लब ह्यांची सांगड पडली तिचें एक कारण हेंही आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. ह्या खेळाचा पहिला सरकारी उल्लेख आहे तो बंदीचा. १४५७ सालीं दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें फुटबॉल आणि गोल्फ हे दोन्ही खेळ बंद करण्याचा ठराव केला. इंग्लंडशीं वैर होतें. लोकांनीं धनुर्विद्येचा सराव करावयाचा तो सोडून ते चेंडूच्या मागें लागले होते. पेठापेठांतील तालमींच्या फुटबॉल-संघांसाठीं जीव टाकणाऱ्या कोल्हापूरकरांस ह्या ठरावाचें मर्म समजावून सांगण्याचें कारण नाहीं. बंदी पुढें दोनदां पुनः घालावी लागली, ह्यावरून ती किती पाळली गेली हें दिसतेंच. १५०२ सालीं चवथ्या जेम्सनें इंग्लंडशीं तह केला, आणि त्याच वर्षींच्या राजवाड्याच्या हिशेबांत, पर्थ येथील एका धनुष्यें करणाऱ्या कारागिरास गोल्फच्या दांड्यांबद्दल पैसे दिल्याची नोंद सांपडते. ज्या खेळानें धनुष्य मागें पडतें म्हणून बंदी घातली, त्याच खेळाचे दांडे राजानें धनुष्य करणाऱ्याकडून विकत घ्यावेत, हा योग मोठा गमतीचा आहे.

सेंट अँड्र्यूजच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष १५५२ हें होय. त्या वर्षीं तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन ह्यानें नगराशीं एक लेख केला. आर्चबिशपास गायरानाच्या उत्तर भागांत ससे पाळण्याची परवानगी मिळाली. परंतु त्याच लेखांत नगरवासीयांचे हक्क स्पष्टपणें नमूद केले गेले. तेथें गुरें चारणें, गवताचे सोड काढून नेणें, आणि गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी इत्यादि खेळ खेळणें, हे सारे हक्क लोकांकडे राहिले. जमिनीचा उपयोग कोणी कशासाठीं करावयाचा हें येथें लिहून ठेवलें गेलें. त्या वेळीं ह्या कागदाचें महत्त्व कोणास वाटलें असेल किंवा नसेल. परंतु पुढें अडीचशें वर्षांनीं तोच कामास आला.

अठराव्या शतकांत खेळास नियम आले. १७४४ सालीं एडिंबरोच्या खेळाडूंनीं लीथ येथील गायरानावर सामना भरविला व त्यासाठीं तेरा नियम लिहून काढले. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. १७५४ सालीं सेंट अँड्र्यूज येथें बावीस सरदार व गृहस्थ एकत्र येऊन त्यांनीं आपली संस्था स्थापिली. १८३४ सालीं चवथ्या विल्यम राजानें तिला ‘रॉयल अँड एन्शंट’ हें नांव वापरण्याची अनुज्ञा दिली. ह्याच संस्थेच्या लोकांनीं १७६४ सालीं चार आंखूड टप्पे जोडून त्यांचे दोन केले, त्यामुळें बावीस खळग्यांचा फेरा अठरांचा झाला. जगांतील बहुतेक मैदानांवर अठरा खळग्या कां, ह्याचें उत्तर कोणत्याही शास्त्रांत नसून ह्या एका गांवाच्या गायरानाच्या लांबीरुंदींत आहे.

आणि मग संकट आलें. १७९७ सालीं सेंट अँड्र्यूजची नगरपालिका कर्जांत पुरती बुडाली होती, आणि गांवचें गायरान तिच्या हातून गेलें. तें डेम्प्स्टर नांवाच्या व्यापाऱ्यांकडे आलें. त्यांनीं त्यावर ससे पाळण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर मांडला. सशाच्या मांसास आणि कातडीस गिऱ्हाईक होतें. शेंकडों ससे भुई पोखरूं लागले. जेथें चेंडू घरंगळावयाचा तेथें बिळें पडलीं. गांवकऱ्यांनीं जुना कागद पुढें केला: मालकी बदलली असेल, परंतु खेळण्याचा हक्क विकला गेलेला नाहीं, आणि खेळास आड येणारा ससा मारण्यास आम्हांस कोण अडविणार? व्यापाऱ्यांचें म्हणणें असें, कीं जमीन आमची, ससे आमचे. भांडण एडिंबरोच्या न्यायालयांत गेलें, तेथून लंडनच्या लॉर्डांच्या सभेपर्यंत गेलें, आणि गायरानावर तें काठ्या-मुक्क्यांनींही लढलें गेलें. वीस वर्षांहून अधिक काळ हा कलह चालला. सशांचें युद्ध म्हणून त्यास आज हंसण्यावारी नेतात. परंतु वाद सशांचा नव्हता. नगरपालिकेनें लोकांच्या वतीनें केलेल्या कर्जापायीं लोकांचा वहिवाटीचा हक्कही बुडतो काय, हा त्यांतील खरा प्रश्न होता.

१८२१ सालीं शेजारच्या स्ट्रॅथटायरम येथील जमीनदार जेम्स चीप ह्यानें तें गायरान विकत घेतलें. तो स्वतः गोल्फ खेळणारा होता. त्यानें सशांचा धंदा मोडला आणि मैदान खेळास मोकळें केलें. गांवानें सुटकेचा निःश्वास टाकला; परंतु सुटका अर्धीच होती. गायरान आतां एका चांगल्या माणसाच्या हातांत होतें, आणि चांगल्या माणसाचा नातू चांगलाच निपजेल असें लिहून कोण देणार?

ह्या सुमारास दोन गोष्टींनीं खेळाची वाढ झपाट्यानें झाली. पूर्वीचा चेंडू कातड्याच्या पिशवींत उकडलेलीं पिसें ठांसून भरून करीत. कुशल कारागिरास दिवसाकांठीं असे थोडेच चेंडू करतां येत, म्हणून ते महाग. आणि पावसांत भिजले कीं फाटत. १८४८ च्या सुमारास मलायाच्या जंगलांतील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गट्टापर्चाचे चेंडू निघाले. ते स्वस्त, टिकाऊ, आणि बिघडले तर ऊन पाण्यांत मऊ करून पुनः वळतां येण्यासारखे. मुंबई आणि विलायत ह्यांना १८७० सालीं समुद्राखालून जोडणाऱ्या तारायंत्राच्या दोरावर आवरण होतें तेंही ह्याच गट्टापर्चाचें. पिसांचे चेंडू करण्यांत नामांकित असलेला अॅलन रॉबर्टसन ह्यास हा नवा चेंडू मुळींच आवडला नाहीं; त्यावरूनच त्याचा आपला साहाय्यक टॉम मॉरिस ह्याच्याशीं बेबनाव झाला. मॉरिस १८५१ सालीं प्रेस्टविकला गेला, आणि १८६० सालीं खुल्या अजिंक्यपदाचा पहिला सामना तेथेंच भरला. त्यांत खेळाडू होते अवघे आठ. पुढें मॉरिस स्वगृहीं परतला व मैदानाचा रक्षक म्हणून त्यानें आयुष्य घालविलें.

दुसरी गोष्ट रेल्वेची. १८५२ सालीं सेंट अँड्र्यूजपर्यंत आगगाडी आली. शहरांतील वकील, दुकानदार, शिक्षक सुटींत समुद्रकांठीं येऊं लागले. स्वस्त चेंडू आणि स्वस्त तिकिट ह्यांनीं जें केलें, तें राजाश्रयानें झालें नव्हतें. मुंबईकर गोल्फर तर इतके उत्साही, कीं त्यांनीं आपल्या क्लबातर्फें सेंट अँड्र्यूजच्या संस्थेस एक रौप्यपदक पाठविलें. तें आजही ‘बाँबे मेडल’ ह्या नांवानें ओळखलें जातें.

गर्दी वाढली, तसा जुना प्रश्न पुनः उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चीप घराण्याकडून जमीन विकली जाण्याची वेळ आली. धनवान् क्लब तयारच होता. क्लबाची इमारत १८५४ पासून मैदानाच्या तोंडाशींच उभी आहे. ती पाहून परगांवचा माणूस हें मैदान क्लबाचेंच समजतो. परंतु गांवकऱ्यांना सशांची आठवण होती. १८९४ सालीं पार्लमेंटनें खास कायदा केला. त्यानें गायरान नगरपालिकेच्या मालकीचें झालें. क्लबानें शेजारीं दुसरें मैदान बांधून द्यावें, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याच्या सभासदांसाठीं कांहीं वेळा राखून असाव्यात, असें ठरलें. तें मैदान १८९५ सालीं तयार झालें, आणि सव्वाशें वर्षें लोटलीं तरी त्यास ‘नवें मैदान’च म्हणतात. परगांवच्या खेळाडूंस १९१३ पर्यंत पैसे पडत नसत. गांवच्या माणसास तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत खेळणें फुकट होतें.

१९७५ सालीं स्कॉटलंडमधील नगरपालिकांची जुनी रचनाच रद्द होणार होती. आपली नगरपालिका नाहींशी झाली, तर गायरानाचें काय होणार, ही शंका सेंट अँड्र्यूजकरांना वेळींच आली. म्हणून १९७४ सालीं पुनः पार्लमेंटकडून कायदा करून घेण्यांत आला, आणि मैदानांची व्यवस्था एका सार्वजनिक न्यासाकडे सोंपविली गेली. तोच न्यास आज तेथील सात मैदानें चालवितो. कर्ज, व्यापारी, जमीनदार, क्लब, आणि सरकारची पुनर्रचना, इतक्या सर्वांच्या तावडींतून हें गायरान निभावून गेलें, ह्याचें कारण गांवकरी अधिक शूर होते असें नाहीं. त्यांनीं प्रत्येक वेळीं हक्क लिहून घेतला, आणि लिहिलेला हक्क रोज वापरला, हें त्याचें कारण होय.

हें सर्वत्र घडलें नाहीं. ज्या लीथच्या गायरानावर पहिले लेखी नियम झाले, तेथें आज गोल्फ नाहीं. शहराची बाग आहे. नियम करणारी संस्था गर्दीस कंटाळून १८३६ सालीं मसलबरो येथें गेली, आणि तेथून १८९१ सालीं मुइरफील्डच्या स्वतःच्या मैदानावर गेली. संस्था राहिली; गायरानावरचा खेळ गेला. उलटपक्षीं कार्नूस्टी येथें १८९० सालीं डलहौसीच्या अर्लनें गायरान नगरास विकावयाचें ठरविलें, तेव्हां नगरपालिकेजवळ पैसाच नव्हता. लोकांनीं वर्गणी गोळा करून ती भर घातली. सार्वजनिक कामास वर्गणी हा कांहीं केवळ आपल्याच पेठांचा धर्म नव्हे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मुंबईसही मैदानाचा प्रश्न ह्याच सुमारास उपस्थित झाला होता, आणि तोही समुद्राच्या कांठीं. किल्ल्याबाहेरील एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेवर पारशी व हिंदु तरुण क्रिकेट खेळत. १८७५ सालीं युरोपियनांचा जिमखाना निघाला, आणि त्यांच्या पोलोच्या घोड्यांच्या टापांनीं हिंदी खेळाडूंच्या मैदानाची चाळण होऊं लागली. त्यावर अर्जविनंत्या झाल्या, सरकारनें निर्णय दिले आणि फिरविले. शापूरजी सोराबजी ह्यांनीं १८९७ सालीं ह्या लढ्याची हकीगत पुस्तकरूपानें छापली. वाद मिटला तो समुद्रकांठीं भरणी केलेल्या जमिनीवर पारशी, हिंदु आणि मुसलमान अशा तीन जिमखान्यांना जागा देऊन. खेळावयास जागा मिळाली खरी; परंतु सर्वांचें एक मैदान मिळण्याऐवजीं जातवार मैदानें मिळालीं. सेंट अँड्र्यूजच्या निकालांत आणि ह्या निकालांत हाच मोठा फरक आहे. पुढें १९१७ सालीं गव्हर्नर विलिंग्डन ह्यांनीं हिंदी व युरोपियन दोघांनाही प्रवेश असलेला क्लब काढला व तेथें गोल्फचें मैदानही झालें. १९२७ सालीं चेंबूरचें मैदान निघालें. वर्णाची अट गेली. सभासदत्वाची अट राहिली.

हें सारें ध्यानांत घेऊन आतां त्या दांड्यांच्या पिशवीच्या धन्यानें आपला बेत कसा आंखावा? त्यानें नकाशा उघडून प्रथम मैदानें शोधूं नयेत. मैदानाचा धनी कोण, हें शोधावें. आपल्या देशांत सभासदत्वावांचून शुल्क भरून खेळतां येईल अशीं मैदानें अलीकडची व थोडीं आहेत. दिल्लीस लाडोसराय येथें तेथील विकास प्राधिकरणाचें मैदान आहे. महाराष्ट्राच्या किनारपट्टींत पाहूं गेल्यास, रायगड जिल्ह्यांत खारघर येथें सिडकोनें डोंगराच्या पायथ्याशीं २०१२ सालीं मैदान खुलें केलें; सामान्य नागरिकासही गोल्फ खेळतां यावा हा त्यामागील हेतु होता. कोल्हापुराहून पुणें, आणि तेथून द्रुतगति मार्गानें कळंबोली गांठली, कीं खारघर जवळच आहे. मात्र पाऊस संपल्यावर जावें, आणि निघण्यापूर्वी वेळेची चौकशी अवश्य करावी. दक्षिण कोकणांत जावयाचें असल्यास दांडे घरीं ठेवणेंच श्रेयस्कर. तेथें समुद्र आणि आंबा पुरेसा आहे.

ज्याच्या मुलीचें वा मुलाचें बिऱ्हाड विलायतेस आहे, आणि असे कोल्हापूरकर आज कमी नाहींत, त्यास सेंट अँड्र्यूजचा बेत अशक्य नाहीं. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्यें रात्रीं दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, तरी लोकरीचा कपडा जवळ हवाच. एडिंबरोहून आगगाडीनें, १८९० सालीं बांधलेल्या फोर्थच्या पुलावरून, सुमारें तासाभरांत लूकर्सला उतरावें. सेंट अँड्र्यूजचा रेल्वेचा फांटा १९६९ सालीं बंद झाला, म्हणून तेथून पुढें बस. जुन्या मैदानावर खेळावयाचें तर प्रावीण्याचा दाखला, म्हणजे हँडिकॅप, लागतो. वेळ आदल्या वर्षींच अर्ज करून मिळवावी, नाहीं तर दोन दिवस आधीं निघणाऱ्या सोडतींत नांव घालावें. सोडतींत सरदार आणि शिक्षक सारखेच. नवशिक्यांसाठीं व मुलांसाठीं नऊ खळग्यांचें निराळें मैदान आहे. आणि ज्यांना मोठा टोला मारतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं समुद्राजवळ एक उंचसखल हिरवळ आहे. १८६७ पासून ती तेथील स्त्रियांच्या क्लबाकडे आहे. थोडें शुल्क भरून कोणीही तीवर चेंडू घरंगळवावा. तिचें लोकांत रूढ असलेलें नांव ‘हिमालय’! मोठ्या क्लबानें स्त्रियांना सभासद करून घेण्यास २०१४ साल उजाडावें लागलें. ह्या हिमालयावर त्या कधींच्याच चढल्या होत्या.

एक दिवस मात्र दांडे बाजूस ठेवावेत. तो रविवार. कांहीं मोठ्या सामन्यांचा अपवाद सोडल्यास जुनें मैदान रविवारीं खेळास बंद असतें. त्या दिवशीं गांवची माणसें मुलें घेऊन, कुत्रीं घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून फिरावयास जातात. इतर दिवशींही पहिल्या आणि अठराव्या टप्प्यांना छेदून एक सार्वजनिक वाट जाते. समुद्राकडे निघालेली म्हातारी वाटेवर आली, तर अजिंक्यवीरानेंही दांडा खालीं टेंकून थांबावें, असा रिवाज आहे. मैदान कोणाचें आहे, हें तेथें फलकावर वाचण्याची गरज पडत नाहीं.

कोल्हापुरास सार्वजनिक क्रीडांगणाची थोर परंपरा आहे. १९०२ सालीं विलायतेच्या प्रवासांत शाहू महाराजांनीं रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि १९१२ सालीं खासबागेंत कुस्तीचें मैदान उभें राहिलें; हजारों माणसांना भुईवर बसून एकाच आखाड्याकडे पाहतां येईल अशी त्याची रचना आहे. तें एका राजाचें देणें होतें. परंतु गांवोगांवचीं गायरानें कोणा राजानें दिलेलीं नाहींत. तीं वहिवाटीनें आलेलीं आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें गावाच्या जमिनींतून चराईसाठीं जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करण्याविषयीं सर्व राज्यांना आदेश दिला. तरीही प्रश्न सुटलेला नाहीं. कारण गायरानांत एकीकडे धनदांडग्यांचीं कुंपणें आहेत, तशींच ज्यांना दुसरीकडे पाय टेंकावयास जागा नाहीं अशा गरिबांचीं घरेंही आहेत, आणि दोघांना एकाच मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं.

ह्या बाबतींत सेंट अँड्र्यूजचें उदाहरण उपयोगी पडेल तें एवढ्यापुरतें. आपल्या गांवाचें गायरान किती, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, त्यावर कोणाचे कोणते हक्क नोंदलेले आहेत, हें सातबाराच्या उताऱ्यावर पाहतां येतें. १५५२ चा कागद दीडशें-दोनशें वर्षें कोणी पाहिला नसता, तर १७९७ नंतर तो कोणास सांपडलाही नसता. कोंकणांत उतरतांना गगनबावड्याच्या रस्त्यानें जी गांवें लागतात, त्यांच्या शिवारांत अजून अशा मोकळ्या जमिनी आहेत. तेथें संध्याकाळीं गुरें परततात आणि पोरें विटीदांडू खेळतात. खळगी आहे, दांडा आहे, आणि भुई सर्वांची आहे. त्या भुईचा कागद कोठें आहे, हें त्या पोरांच्या वडिलांनीं एकदां तलाठ्याच्या चावडींत जाऊन पाहून घ्यावें.